बाकाबाई : कागदातल्या आणि मारबतीतल्या

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या विदर्भातल्या खेड्यांत काय होते, ते तुम्हांला नव्याने सांगायला नको. पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे आपले मेढे, उपटायचे, घरातला रोगराईचा, माश्या-मुरकुट्यांचा, खोकल्या-पडशाचा सगळा पसारा मारबतीच्या हवाली करायचा, आणि आरडाओरडा करीत तो गावशिवेच्या बाहेर टाकून यायचा. नागपूर शहरात हीच चाल मोठ्या थाटाने चालते. बांबू-कागदाच्या उंचच्या उंच बाहुल्या निघतात. एक काळी मारबत, एक पिवळी मारबत, आणि त्यांच्या मागेपुढे लोकांना नकोशा झालेल्या गोष्टींचे बडगे. काळी मारबत १८८१ पासून आणि जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगतात.

आता एखाद्या नागपूरकराला सहज विचारून पाहा, की बाबा रे, ही काळी मारबत कोण? एखादा म्हातारा सांगेल, कृष्णाला मारायला आलेली पूतना मावशी. पण पुष्कळ जण सांगतील, "ती बाकाबाई! भोसल्यांची राणी. इंग्रजांना फितूर झाली, म्हणून दरसाल तिला जाळायची."

योगायोग कसा असतो पाहा. त्याच दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. लहान लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. हा तान्हा पोळा दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी सुरू केला अशी इथली समजूत आहे. आणि बाकाबाई या त्याच रघूजीराजांच्या पत्नी. म्हणजे सकाळी बायकोची होळी, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या नावाचा लाकडी बैल! एकाच घरच्या दोन माणसांना गावाने अशी दोन तऱ्हांनी लक्षात ठेवले.

ही बाई खरोखर कोण होती, तिने काय केले आणि काय केले नाही, हे जुन्या कागदांतून शोधायचे असेल तर कसे शोधावे, हे आज तुमच्याशी बोलायचे आहे. शिक्षकमंडळी ऐकत असतील तर त्यांना शेवटी एक कामही सांगणार आहे.

पहिली अडचण अशी, की आपल्याकडच्या कागदात बाई सापडणेच कठीण. कोणत्याही घराण्याची वंशावळ उघडा. आजा, बाप, मुलगा, नातू, अशी पुरुषांची माळ असते. बाई त्यात येते ती कधी? वारस नसला म्हणजे. कुणी दत्तक घेतला, कुणी सती गेली, कुणी वाटणीसाठी भांडली, की मग तिचे नाव येते. सुखाने संसार केलेल्या बाईला कागदात जागा नाही. त्यातून तिची नावे दोन, माहेरचे वेगळे आणि सासरचे वेगळे. आपल्या बाकाबाईंचे तर आणखी निराळे. मराठीत कुठे बाकाबाई, कुठे बांकाबाई. इंग्रज साहेबाच्या कानाला जसे ऐकू येई तसे तो लिही. कुणी बंकाबाई लिहिले, कुणी बूकाबाई. सूचीत एका नावाने शोधणाऱ्याला वाटते की बाईचा मागमूस नाही, आणि ती असते पुढच्याच पानावर, दुसऱ्या नावाने.

तरी नागपूरकर भोसल्यांच्या बाबतीत आपले दैव चांगले. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिलेली नागपूरकर भोसल्यांची बखर आहे. रिचर्ड जेंकिन्स या रेसिडेंटाने नागपूर राज्याविषयी लिहिलेला अहवाल १८२७ साली छापला गेला. रेसिडेंटाची कचेरी आणि कलकत्ता यांच्यामध्ये गेलेल्या पत्रांचे खंड १९५० पासून पुढे नागपुरातच छापून निघाले. आणि आपले यादव माधव काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' आणि १९३४ साली 'नागपूर प्रांताचा इतिहास' लिहून हे सगळे मराठी वाचकाच्या हातात दिले. एवढी शिदोरी बरोबर घेऊन आपण निघू.

बाकाबाईंच्या यजमानांपासून सुरुवात करू. दुसरे रघूजीराजे १७८८ पासून गादीवर होते. त्यांच्या राज्याच्या पहिल्या पंधरा वर्षांत नागपूरचा दरारा ओरिसातल्या कटकपर्यंत होता. १८०३ साली शिंद्यांच्या बरोबरीने ते इंग्रजांशी लढले. असईला हार, आडगावला हार, मग गाविलगड पडला, आणि डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धेपलीकडचे वऱ्हाड गेले. खजिना आटला, तेव्हा राजे पैशाला इतके जपू लागले की लोक त्यांना मागे 'मोठा बनिया' म्हणू लागले. पण एका बाबतीत हा बनिया हटला नाही. इंग्रजांची फौज आपल्या पैशाने आपल्याच दारात ठेवायची, या तैनाती फौजेच्या तहावर त्यांनी मरेपर्यंत सही केली नाही. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले, आणि इथून बाकाबाई कागदात दिसू लागतात.

दिसतात त्या कशा? भांडणात. गादीचे वारस परसोजी हे शरीराने आणि मनाने दुबळे. राज्य कुणीतरी दुसऱ्यानेच चालवायचे होते. एका बाजूला राजांची आवडती राणी बाकाबाई आणि खजिना ज्याच्या हाती तो धर्माजी भोसले. दुसऱ्या बाजूला राजांचे पुतणे आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी डाव साधला. एप्रिल १८१६ मध्ये धर्माजीला कैद केले, पुढे तो मारला गेला. परसोजींना गादीवर बसवून सारा कारभार आप्पासाहेबांनी आपल्या हाती घेतला. आणि हा कारभार टिकावा म्हणून त्यांनी मे १८१६ मध्ये काय केले? जो तह चुलत्याने आयुष्यभर नाकारला, त्या तैनाती फौजेच्या तहावर सही केली.

श्रोतेहो, ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा. नागपूरच्या दारात इंग्रजी फौज आली ती आप्पासाहेबांच्या सहीने आली, आणि ती सही झाली बाकाबाईंच्या पक्षाला दूर ठेवण्यासाठी. त्यावरून बाकाबाईंच्या अंगी इंग्रजांचा द्वेष होता असे मी म्हणत नाही. त्यांचा पक्ष जिंकता तर त्यांनी काय केले असते, यावर कुणीही पैज मारू नये. पण फितुरीचा पहिला दाखला शोधायला निघालात, तर तो बाकाबाईंच्या नावावर निघत नाही.

पुढचा इतिहास तुम्ही शाळेत वाचला असेल. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणात मेलेले सापडले. तो खून होता, आणि आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून झाला असे मागाहून इंग्रजांनी ठरवले. आप्पासाहेब राजे झाले, आणि तेच आप्पासाहेब त्याच वर्षी इंग्रजांवर उलटले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, असे दोन दिवस सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. आपण हरलो. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेब कैद झाले, मे महिन्यात पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले, आणि देशोदेशी फिरून अखेर १८४० साली जोधपूरकडे वारले. शौर्याची आणि दुर्दैवाची ही कथा लोकांना आवडली, म्हणून १८१६ ची सही लोक विसरले. विसरू द्या. माणूस बदलतो, आणि शेवटी लढला त्याचे मोल आहेच. पण एकाला माफी द्यायची आणि दुसरीला जाळायचे, तर हिशेब दोघांचाही पाहायला हवा, नाही का?

आता १८१८ च्या नागपुरात या. राजा पळालेला, शहरात इंग्रजांची पलटण, राजवाड्यात सगळ्या विधवा. परसोजींच्या विधवा दुर्गाबाई यांनी बाजीबा नावाचा मुलगा दत्तक घेतला. हा गुजरांच्या घरातला, दुसऱ्या रघूजीराजांच्या मुलीचा मुलगा. वय अगदी कोवळे. जून १८१८ मध्ये तो तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला. राजाच्या देखभालीसाठी जी व्यवस्था झाली तिच्या शिरोभागी बाकाबाई होत्या. गॅझेटिअरमध्ये हे एका वाक्यात आटोपले आहे : मुलाची जबाबदारी बाईकडे, आणि राज्यातल्या प्रत्येक खात्यावर देखरेख रेसिडेंटाची.

या एका वाक्यात या बाईंची चाळीस वर्षे आहेत. पाहा ना, दप्तर जेंकिन्सकडे, फौज जेंकिन्सकडे, वसूल जेंकिन्सकडे. बाईंच्या हाती काय उरले? एक मूल. त्याला वाढवायचे, त्याची मुंज-लग्ने करायची, दरबाराच्या रीतिभाती सांभाळायच्या, दसऱ्याला स्वारी निघेल आणि नागपंचमीला देणग्या पोचतील एवढे पाहायचे. ज्या घराची जमीन गेली त्या घराचे घरपण टिकवायचे. आपल्या खेड्यांत अशा आज्या तुम्ही पाहिल्या असतील. नवरा गेलेला, शेती सावकाराकडे, पण वाड्याचे दार रोज झाडून सारवून स्वच्छ. तो मुलगा वाढला, १८२६ च्या तहाने काही अधिकार त्याच्या हाती आले, १८३० पर्यंत बाकीचा मुलूखही बराचसा परत मिळाला. शून्यातून एवढे उभे राहिले. त्यात बाईंचा वाटा किती आणि साहेबाच्या सोयीचा किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तोलावे. पण राजा सांभाळला तो त्यांनी, हे कागद स्पष्ट सांगतात.

मग उजाडले १८५३ साल. इथे क्षणभर थांबून दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे गंगाधरराव वारले. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघूजी वारले. मध्ये वीस दिवस. दोघांनाही मुलगा नाही. गव्हर्नर जनरल एकच, लॉर्ड डलहौसी. झाशीला मागे राहिल्या ऐन पंचविशीतल्या लक्ष्मीबाई. नागपूरला राहिल्या रघूजींच्या राण्या, अन्नपूर्णाबाई, दर्याबाई आणि इतर, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाकाबाई.

नागपूरला राजाच्या हयातीत दत्तक झाला नव्हता. अंत्यसंस्कार यशवंतराव अहिरराव या नात्यातल्या मुलाने केले. राण्यांनी त्यालाच मुलगा मानले आणि त्याचे नाव जानोजी ठेवले. आपल्या शास्त्राप्रमाणे विधवेने दत्तक घेणे काही नवे नव्हते. दुर्गाबाईंनी १८१८ साली तेच केले होते, आणि ते खुद्द इंग्रजांनीच मान्य केले होते! पण डलहौसीने २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणात लिहिले की वारस नाही, राज्य खालसा. त्या टिपणात आणखी एक गोष्ट आहे, ती शेतकरी श्रोत्यांनी ऐकण्याजोगी. विलायतेच्या गिरण्यांना कापूस हवा, आणि या मुलखात तो पिकतो, हेही साहेबाने लिहून ठेवले. सुमारे ऐंशी हजार चौरस मैलांचे राज्य एका टिपणाने गेले. त्या वेळी खुद्द नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल राज्य राखावे या मताचा होता, आणि कलकत्त्याच्या कौन्सिलात जनरल लो याने विरोध नोंदवला. दोघांचेही कुणी ऐकले नाही.

त्यानंतर राजवाड्यात जे झाले ते वाचताना आजही मन विटते. राजाची खाजगी मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली. हत्ती, उंट, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात उभे करून मातीमोल विकले. जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन तिथल्या हॅमिल्टन कंपनीच्या हातून लिलावात काढले. त्या पैशाचा 'भोसला फंड' केला, आणि त्यातून राण्यांना तनखे देण्याची व्यवस्था केली. म्हणजे त्यांच्याच दागिन्यांच्या पैशातून त्यांनाच पोटगी!

हे चालू असताना वाड्यातले सामानसुमान उचलायची वेळ आली. तेव्हा एका म्हातारीने निरोप धाडला, "सामानाला हात लावाल तर मी वाडा पेटवून देईन." ही म्हातारी म्हणजे बाकाबाई. आणि ही गोष्ट कुणा शाहिराने रचलेली नाही. के नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावाच्या आपल्या इतिहासात ती नोंदवून ठेवली आहे. जिच्या पुतळ्याला गाव आग लावते, ती बाई स्वतःच आग लावायला निघाली होती, आणि तीही इंग्रजांच्या तोंडावर! हे मला कुणी शाळेत सांगितले नव्हते. तुम्हांला तरी कुणी सांगितले होते का?

राण्यांनी कलकत्त्याला अर्ज केले, विलायतेपर्यंत दाद मागितली. उपयोग झाला नाही. १८५५ साली अन्नपूर्णाबाई वारल्या.

आता १८५७. ज्याच्यासाठी बाईंची होळी होते तो मुद्दा हा. मे महिन्यात मीरत पेटले, दिल्ली पेटली. नागपूरला टाकळीच्या छावणीत घोडदळाची पलटण होती. १३ जूनच्या रात्री उठायचे, शहरातून आकाशात पेटते कंदील सोडून इशारा द्यायचा, असा बेत ठरला. दिलदार खान नावाचा दफेदार पायदळाला चेतवायला गेला, आणि तिथेच पकडला गेला. त्याला फाशी झाली. पुढे इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादिर खान यांनाही फाशी दिली. उठाव तिथेच संपला. शहर स्वस्थ राहिले. आणि ते स्वस्थ राहिले ते बाकाबाईंच्या वजनामुळे, असे इंग्रजांच्या कागदांत लिहिले आहे. बाईंनी आपल्या नातलगांना बजावले की कुणी बंडात शिरलात तर मीच तुम्हांला साहेबाच्या हवाली करीन, असेही सांगितले जाते.

मग झाली की फितूर, असे तुम्ही म्हणाल. थांबा. कागद वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारायचे असतात. हे कुणी लिहिले? आणि कशासाठी लिहिले?

बाकाबाईंच्या इमानाचे गोडवे कुणी गायले? एक, इंग्रज अंमलदारांनी. त्यांना वर कळवायचे होते की आमच्या कारभारावर नागपूरची प्रजा आणि राजघराणे खूष आहे. दोन, इव्हान्स बेल या अधिकाऱ्याने. हा नागपुरात नोकरीला होता, भोसल्यांवर अन्याय झाला असे त्याचे ठाम मत होते, आणि १८६४ साली त्याने ग्रंथ लिहून ते जगाला सांगितले. त्याचे म्हणणे असे, की बाईंनी बोट उचलले असते तर मुलूख पेटला असता. त्यांनी ते उचलले नाही, तेव्हा सरकारने या घराण्याचे उपकार मानावेत. म्हणजे पाहा, दोन्हीकडच्या लोकांना बाईंचे इमान जितके मोठे दाखवता येईल तितके हवे होते. एकाला शाबासकी हवी होती, दुसऱ्याला न्याय. आणि त्याचा उपयोगही झाला. १८५८ साली बाकाबाई वारल्या, आणि १८६१ साली जानोजींना 'देऊरचे राजाबहादूर' हा वंशपरंपरेचा किताब मिळाला. देऊर म्हणजे सातारा जिल्ह्यातले भोसल्यांचे गाव. १८५४ साली जो दत्तक नामंजूर झाला, तो निदान नावापुरता मंजूर झाला. राज्य नाही आले, पण घराणे राहिले.

पण अर्जात लिहिलेली स्तुतीच पुढे बाईंच्या गळ्यात धोंडा झाली. साहेबाच्या कागदात जी 'इमानी', ती लोकांच्या तोंडी आपोआप 'फितूर'. शब्द एकच, फक्त कोणत्या काठावरून उच्चारला एवढाच फरक.

आता बाईंच्या जागी क्षणभर बसून पाहा. वय पंचाहत्तरीच्या घरात. सीताबर्डीची लढाई आणि तिचा शेवट डोळ्यांदेखत पाहिलेला. भोसल्यांची फौज मोडलेली, तोफखाना गेलेला, खजिना लिलावात गेलेला. शहरापासून चार-पाच कोसांवर कामठीला १८२१ पासून बसलेली इंग्रजांची मोठी छावणी, आणि तिथली मद्रासी पलटण सरकारच्या बाजूची. पदरात एक तरुण दत्तक, ज्याचा हक्क अजून मान्य व्हायचा होता. उठाव फसला तर पहिला फास कुणाच्या गळ्यात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. १८१८ साली एक मूल सांभाळून त्यांनी घर राखले होते. १८५७ साली त्यांनी पुन्हा तेच केले.

पण दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दिलदार खान, इनायतुल्ला, विलायत खान, कादिर खान हेही नागपूरचेच होते. त्यांच्याही घरी आया होत्या, मुले होती. बाईंनी घर राखले, हे खरे. पण कोणाचे घर? भोसल्यांचे. देश हे आपले घर, अशी दृष्टी त्यांच्यापाशी नव्हती. झाशीच्या राणीने तलवार उपसली आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला ती धारातीर्थी पडली. बाकाबाईही त्याच वर्षी गेल्या, अंथरुणावर. एकीचे घोड्यावरचे पुतळे चौकाचौकांत उभे आहेत, आणि दुसरीचा पुतळा जळतो. ज्या नागपूरकराला आपल्या शहराने त्या वर्षी मागे राहावे याचा सल वाटला, त्याचा राग मला कळतो. बाकाबाईंना देवी करायला मी आलो नाही.

माझे म्हणणे एवढेच, की मारबत ही आपली फार जुनी रीत. पूतना असो, रोगराई असो, नकोसे ते गावाबाहेर टाकायचे. बाकाबाई वारल्या १८५८ साली, काळी मारबत निघू लागली १८८१ साली. मध्ये तेवीस वर्षे गेली. जुन्या बाहुलीला एक नवे नाव चिकटले, आणि ते सुटले नाही. का चिकटले असावे, तर मला वाटते ते असे. राज्य गेल्याचे दुःख मोठे होते. ते दुःख डलहौसीवर काढता येत नव्हते, इंग्रजांच्या अमलात गव्हर्नर जनरलचा पुतळा भर रस्त्यात कोण जाळणार? मग घरचीच एक म्हातारी बरी सापडली. ज्या माणसाने राज्य घेतले तो सुटला, आणि जिचे घेतले ती सापडली. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण संसारात असे होताना आपण पाहतो की नाही? सावकार जमीन नेतो, आणि बोलणी खाते घरातली बाई.

आता शिक्षकांसाठी सांगितलेले काम. राणीसाहेबांचे कागद निदान कलकत्त्याला, लंडनला तरी जपून राहिले. आपल्या आजीच्या आजीचे काय? तिच्याविषयी घरात विचारले तर 'अमक्याची बायको' एवढेच उत्तर येते. तुमच्या वर्गातल्या मुलांना सांगा, की आपल्या घरातली सगळ्यांत जुनी बाई शोधून काढा. कुठे शोधायची? तहसिलीत जुन्या बंदोबस्ताची मिसल असते. कोतवाल पंजीत जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, आणि तिथे कधी कधी बाळाच्या आईबापाच्या नावांत बाई सापडते. नवरा वारल्यावर जमीन विधवेच्या नावे चढली असेल तर फेरफारात ती सापडते. त्र्यंबकेश्वराच्या, काशीच्या, प्रयागच्या पंड्यांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्यांची नावे असतात. ट्रंकेच्या तळाशी जुनी लग्नपत्रिका असते, भांड्यावर कोरलेले नाव असते. तांब्याच्या गुंडावर 'सौ.' अशी अक्षरे दिसली की समजावे, ही बाई इथे होऊन गेली. जुने कागद मोडीत असतील तर ते रद्दीत घालू नका. मोडी वाचणारे लोक आजही आहेत, आणि मोडी शिकवणारे वर्गही चालतात.

मुले जी नावे आणतील त्यांच्यापुढे त्यांना तीन गोष्टी लिहायला लावा : कागद काय म्हणतो, घरचे लोक काय म्हणतात, आणि दोन्हींत फरक का पडला. या तिसऱ्या रकान्यातच इतिहास असतो. बाकीचे दोन नुसते टिपण.

येत्या पोळ्याच्या पाडव्याला मारबत निघेल. निघावी. शहराचा तो उत्सव आहे, मुलांना मौज आहे, आणि वर्षाची अडगळ माणसाने टाकलीच पाहिजे. पण गर्दीत खांद्यावर बसलेले तुमचे पोर विचारील, "आबा, ही कोण?" तेव्हा एका शब्दात उत्तर देऊ नका. त्याला म्हणा, घरी चल, सांगतो. वीस दिवसांच्या अंतराने दोन राजे वारले, तिथून सुरुवात करा. हत्ती-घोड्यांच्या लिलावाची गोष्ट सांगा. वाडा पेटवून देईन म्हणणाऱ्या म्हातारीची सांगा. टाकळीच्या छावणीतल्या त्या फासावर गेलेल्यांचीही सांगा. आणि मग त्यालाच विचारा, "आता तू सांग, ही कोण?"

त्याचे उत्तर तुमच्याहून वेगळे आले तरी चालेल. ऐकून मग दिले, एवढे पुरे.